एकाच घरातला अंधार

लाइट गेली की आमच्या गल्लीत आधी गॅलरीत येऊन विचारायची रीत आहे, ‘तुमचीही गेली का?’ सगळ्यांचीच गेली म्हटलं की जिवाला बरं वाटतं.

काल तिन्हीसांजेला समोरच्या काकूंनी सवयीनं तेच विचारलं आणि मी हबकले. गल्लीभर दिवे होते; अंधार फक्त त्यांच्या घरात. पूर्वी बिल थकलं की लाइट तोडायला माणूस खांबावर चढायचा, खालून चार शब्द ऐकून घ्यायचा. आता नवी आलेली खाजगी वीज कंपनी कुठल्याशा ऑफिसात बसून नेमकं एक घर विझवते. कुणाचा हातसुद्धा दिसत नाही.

काकू उत्तराची वाट बघत होत्या. मी आत गेले, मेन स्विच बंद केला आणि बाहेर येऊन म्हटलं, ‘हो काकू, आमचीही गेली.’