दोऱ्याची तिसरी गाठ

कुंभकोणमच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. त्यातही विशेषतः प्रकाशशास्त्र. म्हणून या सदरातील वाचकांचे गूढ अनुभव वाचताना मी नेहमी समासात पेन्सिलीने चुका काढीत आले — हे प्रतिबिंब, तो दृष्टिभ्रम, ही निव्वळ झोप... आज स्वतःचा अनुभव लिहिते आहे, आणि त्याच्या समासात लिहावे असे मजपाशी काहीच नाही. चार माणसांत बोलण्याचे धाडस मला कधी झाले नाही. लिहिण्याचे होते आहे. भाषा तंजावरकडची आहे, जुनाट वाटेल, सांभाळून घ्यावे.

माझे थोरले बंधू, अण्णा, तरुणपणी इंजिनिअरिंग शिकावयास सोव्हिएत रशियात होते. येताना त्यांनी एक झेनिट कॅमेरा आणि त्यावरची हेलिऑस लेन्स आणली. त्यांची नजर अधू, त्यात कॅमेऱ्याची खिडकी अंधुक. म्हणून ते फोकस डोळ्यांनी करीत नसत, दोऱ्याने करीत! दर अर्ध्या मीटरवर गाठ मारलेला पांढरा दोरा. एक टोक कॅमेऱ्याशी. ज्याचा फोटो काढावयाचा त्याने दोरा चिमटीत धरून आपल्या नाकापर्यंत ताणायचा. मग गाठी मोजून लेन्सची कडी तेवढ्या अंतरावर आणायची.

"फोटो काढता की वेसण घालता?" वहिनी दर वेळी विचारी.

"हालू नको. तिसरी गाठ सुटेल," अण्णा म्हणत.

अण्णांना जाऊन सहा वर्षे झाली. मी निवृत्तीनंतर, साठी उलटल्यावर, फोटोग्राफी शिकू लागले. मिररलेस कॅमेरा घेतला आणि अ‍ॅडाप्टर लावून त्यावर अण्णांची लेन्स चढवली. कॅमेरा काही केल्या चालेना. या लेन्समध्ये मोटर नाही, तार नाही, विजेचा एक ठिपका नाही. त्यामुळे कॅमेऱ्याच्या लेखी तिथे कोणी नसतेच. मेनूत जाऊन 'लेन्स नसली तरी फोटो काढ' अशी परवानगी द्यावी लागते, तेव्हा तो ऐकतो.

मग चौदा महिन्यांपूर्वी वहिनीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तेव्हापासून तिचे सगळे मीच करते. तिचा मुलगा राघू चेन्नईस असतो. गेल्या महिन्यात तो एक फॉर्म घेऊन आला. तिकडच्या एका केअर होमचा.

"अत्या, तिला काही कळत नाही. कोणाला ओळखत नाही. तिथे नर्स आहेत, फिजिओ आहे. तू तरी किती दिवस उचलशील?"

मला 'नाही' म्हणावयाचे होते. तोंडातून आले ते, "सेरि." बरे, म्हणून मोकळी झाले.

"फॉर्मला फोटो हवा. काढ तुझ्या त्या रशियन तोफेने."

सकाळचे दहा वाजले होते. वहिनी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, खुर्चीत होती. मी समोरच्या खांबास टेकून बसले. त्याआधी गच्चीवरून गोपुराचे फोटो काढले होते. लेन्सची कडी अनंतावर, म्हणजे दूरच्या वस्तूंवर, तशीच राहिली होती आणि कॅमेरा सलग फोटो काढण्याच्या बटणावर. नवशिक्याच्या दोन चुका. चष्मा काढून डोळा लावला तर सगळे धूसर. डोळे भरून आले असतील, असे समजून मी तशीच कळ दाबली. खट-खट-खट, तीन फोटो. कॅमेरा खाली घेतला तेव्हा वहिनीचा उजवा हात मांडीवर होता. तेरा महिने होता, तसाच.

लॅपटॉपवर राघू आणि मी फोटो पाहिले. पहिला धूसर; हात मांडीवर. तिसरा धूसर, हात मांडीवर. मधला... पापण्या मोजता येतील इतका स्वच्छ. आणि वहिनीचा उजवा हात वर, अंगठा नि तर्जनी जुळवून नाकाशी नेलेला. चिमटीत काही नाही.

"स्पॅझम असेल," राघू म्हणाला.

"आणि फोकस?"

"तूच कडी फिरवली असशील, अत्या. विसरलीस."

"तिन्हींची वेळ पाहा. एकच सेकंद. तेवढ्यात कडी पाव फेरा पुढे, तिच्यावर, नि पाव फेरा मागे, अनंतावर? आतले ग्रीस घट्ट झाले आहे, राघू. फिरवून दाखव."

त्याने प्रयत्न केला. दोन्ही हात लागले, आणि कपाळावर घाम आला.

"मग मेमरी कार्ड खराब असेल."

"कार्ड खराब झाले तर फोटो बिघडतो. सुधारत नाही!"

इतके लागोपाठ मी वर्गाबाहेर कोणाशी बोलले नव्हते. उठले आणि लेन्सच्या चामडी पिशवीतून अण्णांचा दोरा काढला. पुन्हा त्याच खांबास टेकले, कॅमेरा डोळ्यास लावला, टोक त्याच्याशी धरले. "ताण," म्हटले. राघूने दोरा आईपर्यंत ताणला. एक गाठ, दोन... तिसरी बरोबर तिच्या नाकाशी.

आणि वहिनीने डावा हात उचलला, गाठ राघूच्या बोटांतून काढून घेतली आणि नाकास लावली. तोंडाची जी एक बाजू हालते, ती हसली.

राघू पायरीवर बसला. दोन दिवस तो तिच्याविषयी बोलत होता. तिच्याशी आता बोलला. "अम्मा," म्हणाला, "वेसण बरी आहे ना ग?"

"ती कोठेही जाणार नाही," मी म्हणाले. एवढ्या मोठ्याने, की समोरच्या घरातील मामी झारा हातात घेऊन बाहेर आली.

डॉक्टर म्हणतात, डाव्या हातास जुनी सवय आठवली असेल. मान्य आहे. उजवा त्यानंतर एकदाही उचललेला नाही. कडी अनंतावर ठेवून त्याच खांबापासून मी पुढे कित्येक फोटो काढले. प्रत्येक धूसर आला, प्रकाशशास्त्राप्रमाणे यावयास हवा तसाच. मधल्या फोटोचे स्पष्टीकरण मजपाशी नाही. कोणी पाठवणार असेल तर अवश्य पाठवावे, पण त्या पाव फेऱ्याला वळसा घालून जाऊ नये. तिथे मी पेन्सिल घेऊन बसले आहे. आणि 'अण्णाच ते' म्हणणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे, कारण फोटोत अण्णा नाहीत, दोराही नाही.

राघू फॉर्म कोरा घेऊन चेन्नईस गेला. परवा फोनवर म्हणाला, "अत्या, लोक हसतील ग. डिलीट कर तो फोटो."

यावेळी 'सेरि' म्हटले नाही. भुतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. फोटो मात्र मी पुसणार नाही.