शिवलेलं शेवटचं प्रकरण

मला पुस्तकाचा शेवट आधी वाचायची खोड आहे. कादंबरी हातात आली की मी पहिलं पान उघडतच नाही, थेट शेवटच्या प्रकरणात शिरते. कोण वाचलं, कोण गेलं, कुणी कुणाला फसवलं हे एकदा कळलं की मग निवांत सुरुवातीला येते. लपवून काय उपयोग, हीच खोड मी आयुष्यभर देवापुढेही चालवली. मुलीचं बाळंतपण असो की घराचं रखडलेलं काम, प्रार्थनेला गुडघे टेकले की माझं पहिलं मागणं ठरलेलं: प्रभू, शेवटी काय होणार ते आधी कळू दे, मग माझा विश्वास बघ. आमचे हे चिडवायचे, "तुले देव नाही पाह्यजे वं, तुले जोतिषी पाह्यजे." मी हसण्यावारी न्यायचे. गेल्या हिवाळ्यात ते माझ्या चांगलंच अंगाशी आलं.

ह्यांची सगळी नोकरी कोराडीच्या वीज केंद्रात झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही नागपुरात राहायला आलो. त्यांची ओळख म्हणजे त्यांचा आवाज. रविवारी उपासनेत गीत उचलायचं ते त्यांनीच, ते नसले की तबला वाजवणाराही चाचपडतो. तो आवाज हिवाळ्याच्या सुरुवातीला बसला. आम्ही आधी कोराडीच्या राखेला नावं ठेवली, मग थंडीला, मग लिंबाच्या लोणच्याला. नाताळच्या उपासनेत त्यांना एकही गीत पुरतं म्हणता आलं नाही, तेव्हा मी त्यांना हाताला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला, रिपोर्ट आठ दिवसांनी येईल म्हणाले, आणि तोवर एक शब्दही बोलायचा नाही अशी ताकीद दिली. जो माणूस पाळकसाहेबांच्या उपदेशातही शेजाऱ्याशी कुजबुजतो त्याला आठ दिवसांचं मौन. मी दुकानातून पाटी-पेन्सिल आणून दिली. त्यांनी पाटीवर लिहिलेलं पहिलं वाक्य होतं, "चहात साखर कमी आहे."

मी हसले, पण आत काहीतरी आटून गेलं होतं. माझा देवावर राग होता, हे मी आज पहिल्यांदाच कबूल करते. त्याला दुसरा अवयव सापडला नाही का, असं सारखं वाटायचं. जो गळा तीस-पस्तीस वर्षं त्याचीच गीतं गात आला, नेमकी तिथेच गाठ का? प्रार्थनेला बसले की शब्द सुचायचे नाहीत. सुचलं तर एकच, सांग काय होणार ते, आणि समोरून काही यायचं नाही. मग मी उठून भांडी घासायला लागायचे.

आमच्या चर्चमध्ये मार्थाबाई म्हणून एक वयस्कर बाई आहेत, पूर्वी शाळेत शिवण शिकवायच्या. चर्चच्या पुस्तकांचं कपाट त्यांच्या ताब्यात. कुणाकुणाची मुलं परदेशातून येताना बॅगेत इंग्रजी कादंबऱ्या आणतात, त्या त्यात जमा होतात. बहुतेक जुन्या काळातल्या गोष्टी, ज्यात विश्वासासाठी माणसं छळ सोसतात, मंडळीतलाच कुणीतरी दगा देतो आणि शेवटपर्यंत जीव टांगणीला लागतो. आम्ही बायका त्यांच्यामागे वेड्या आहोत. एकदा प्रीतिभोजनाच्या पंगतीत मी एका कादंबरीतला दगलबाज कोण ते सांगून टाकलं आणि चार बायकांनी माझ्याशी महिनाभर अबोला धरला. तेव्हापासून मार्थाबाई प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रकरण शिवून ठेवतात. पानांच्या कडेला लाल धाग्याचा सुबक धावदोरा. वाचत तिथवर पोचलं की धागा कापायचा, शेवट वाचायचा, पुन्हा तसाच शिवून पुस्तक परत करायचं. टाके वाकडे पडले तर बोलणी खायची. इतर चर्चमध्ये असं काही असेल असं मला वाटत नाही.

त्या रविवारी मी कपाटापाशी नुसतीच उभी होते. मार्थाबाईंनी एक जाड पुस्तक माझ्या हातात ठेवलं. "हे घेऊन जाय. त्याले मराठीत वाचून दाखव, घरात तेवढाच आवाज राहीन. अन धाग्याले हात लावशीन तर पाह्य मंग."

मी दुपारी जेवणं झाली की ह्यांना वाचून दाखवायला लागले, इंग्रजीतून बघायचं आणि तोंडाने आपल्या भाषेत सांगायचं. गोष्ट समुद्राकाठच्या एका जुन्या गावातली. गावात महामारी आलेली, वेशी बंद. नवरा छापखानेवाला. राजाने बंदी घातलेलं शास्त्र लपून छापतो, कुणाच्या तरी चुगलीने पकडला जातो आणि तुरुंगात पडतो. बायको मेणबत्त्या करून विकते आणि रोज संध्याकाळी तुरुंगाच्या भिंतीखाली उभी राहते. नवऱ्याचा एक पितळी कंदील असतो, तो त्याने कोठडीतही सोबत नेलेला. ह्यांना गोष्ट फार लागली. मी पाणी प्यायला थांबले तरी पाटी वर व्हायची. तिच्यावर एकच शब्द, "मंग?"

चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. हे झोपले होते. मी कात्री घेतली, मार्थाबाईंचा धावदोरा अर्धा उसवला आणि शेवटच्या प्रकरणाचं दीड पान वाचलं. बर्फ पडतोय, बायको कब्रस्तानात उभी आहे, आणि ती नवऱ्याचा पितळी कंदील एका थडग्यावर ठेवते. त्यापुढे मी वाचलं नाही. मी इतकं मागितल्यावर देवाने अखेर उत्तर दिलं आणि ते असं दिलं, अशी माझी खात्रीच झाली. घरात लाल धागा नव्हता, म्हणून मरून रंगाच्या धाग्याने पानं कशीबशी शिवून टाकली. त्या दिवसापासून माझे डोळे निमित्तापुरते दुखायला लागले. ह्यांनी पाटी वर केली की मी डोळे चोळायचे, आणि ते पाटी खाली ठेवायचे.

आठव्या दिवशी आम्ही रिपोर्टला गेलो. खिडकीवर पाकीट मिळालं, पण डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते, दुपारी भेटतील म्हणाले. आम्ही लांबलचक बाकावर बसलो. पाकीट माझ्या मांडीवर. ते डिंकाने चिकटवलेलं होतं, आणि माझं नख त्याच्या कडेवरून आपोआप फिरायला लागलं. ह्यांनी पाटीवर लिहिलं, "डॉक्टर उघडतीन." मग पिशवीतून कादंबरी काढून पाकिटावर ठेवली. पुस्तक त्यांनी घरून आठवणीने आणलं होतं. माझ्याकडे बघून त्यांनी हात जोडले. त्या जोडलेल्या हातांना मी नाही म्हणू शकले नाही.

मी हळू आवाजात वाचायला लागले. माझ्या डाव्या बाजूला एक बाई बसली होती, चाळिशीची, सुती साडी, मांडीवर डब्याची पिशवी. ती आधी चोरून ऐकत होती, मग सरकून जवळ आली. तुरुंगाच्या पहारेकऱ्याला महामारी झाली, बाकीचे पळून गेले, आणि आता तो आजारी पहारेकरी आणि कोठडीतला छापखानेवाला असे दोघंच उरले, इथवर मी आले. पुढे काय येणार या भीतीने मी पुस्तक मिटलं.

"ताई, थांबल्या काहून?" बाईने विचारलं.

डोळे दुखतात, मी म्हणाले. तिने पुस्तक माझ्या हातून घेतलं, शिवलेल्या पानांवरून बोट फिरवलं आणि साधेपणाने म्हणाली, "हा दोरा दोन रंगाचा आहे. इथून लाल, इथून मरून. कोनीतरी मधातून उसवला अन पुन्हा शिवला." ती पुढे म्हणाली, "मी कामठीले मागावर काम करतो ताई. तुटलेला धागा मले लगेच दिसते."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना चर्चमधला नियम माहीत होता, माझी खोडही माहीत होती. त्यांनी सावकाश पाटी घेतली आणि लिहिलं, "मेला का?"

कादंबरीतल्या माणसाबद्दल विचारत होते की स्वतःबद्दल, हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं. मी होकारार्थी मान हलवली आणि त्या बाकावर, इतक्या लोकांत, मला रडू फुटलं. बाईला काही समजेना, म्हणून मी तिला सगळं सांगितलं: पुस्तक, धागा, थडगं, कंदील, मांडीवरचं पाकीट. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मधातलं वाचलं का तुम्ही?"

"नाही."

"मंग तुमाले कसं मालूम? माही पोरगी आत आहे, सकाळपासून ऑपरेशन चालू आहे. मलेही शेवट मालूम नाही. तुम्ही वाचून राहिल्या होत्या तर तेवढा वेळ बरा गेला. वाचा न ताई. माह्यासाठी वाचा."

तिच्यासाठी म्हणून मी पुस्तक उघडलं. माझ्यासाठी मी ते उघडलं नसतं. छापखानेवाल्याने पळून जायच्या ऐवजी पहारेकऱ्याला तीन दिवस पाणी पाजलं. चौथ्या दिवशी पहारेकऱ्याने किल्ल्या त्याच्या हातात दिल्या आणि म्हणाला, तू जा, फक्त मला अंधारात ठेवून जाऊ नको. तेव्हा त्याने आपला पितळी कंदील पेटवून पहारेकऱ्याच्या उशाशी ठेवला आणि बाहेर पडला. हे वाक्य मराठीत सांगता सांगता मला कळलं. थडगं पहारेकऱ्याचं होतं. कंदील त्याच्या उशाशी राहिला होता, तोच बायकोने त्याच्या थडग्यावर नेऊन ठेवला. मी दीड पान वाचून ज्याला मारून बसले होते तो माणूस जिवंत होता. मी ह्यांच्याकडे बघितलं तर ते पाटीवरचं "मेला का" हाताच्या तळव्याने पुसत होते.

तेवढ्यात आतून दवाखान्यातल्या एका मावशीने कामठीच्या पेशंटच्या नातेवाइकांना हाक मारली. बाई उठली. मी घाईने म्हणाले, थांबा, धागा कापते, शेवट दोन मिनिटांत सांगते. तिने पिशवी खांद्याला लावली आणि पुस्तकावर क्षणभर हात ठेवला. "राहू द्या ताई. तो बाहेर पडला, एवढं मले पुरते. बाकीचं वरच्यावर सोडा." आणि ती न घुटमळता आत गेली. तिचा देव कोणता हे मी विचारलं नाही. तिचं नावही विचारायचं राहिलं.

डॉक्टर आले तेव्हा पाकीट तसंच बंद होतं. त्यांनी ते उघडलं. गाठ कॅन्सरची होती. अगदी सुरुवातीला सापडलाय म्हणाले, काही आठवडे किरणांचे शेक द्यावे लागतील, आवाजाचं मात्र आत्ता सांगता येत नाही. आश्चर्य म्हणजे मी शेवटी काय होईल असं विचारलं नाही. उद्या किती वाजता यायचं, एवढंच विचारलं. ह्यांनी पाटीवर लिहिलं, "जन्मभर वीज बनवली, आता तिचाच शेक घेतो," आणि डॉक्टरही हसले.

त्या संध्याकाळी ह्यांनी स्वतः कात्रीने धागा कापला. बर्फातल्या त्या बाईच्या मागे तिचा नवरा टोपी काढून उभा होता. ती ओळ मी ह्यांना दोनदा सांगितली.

पुस्तक परत करताना मी मार्थाबाईंपुढे चूक कबूल केली. पुस्तक मी पुन्हा मरून धाग्यानेच शिवलं होतं, कारण लाल धागा आणून झाकपाक करणं बरं वाटेना. त्यांनी टाके निरखले. "वाकडेच आहेत," म्हणाल्या. मग कपाटात ठेवता ठेवता म्हणाल्या, "राहू दे. तुले आठवन राहीन."

शेकासाठी आम्ही रोज त्याच दवाखान्यात जायचो आणि मी रोज त्या बाकाकडे बघायचे. ती पुन्हा दिसली नाही. तिच्या मुलीचं काय झालं मला माहीत नाही, बहुधा कधीच कळणार नाही. माझ्या आयुष्यातली ही एकच गोष्ट जिचा शेवट मी वाचलेला नाही. त्या मुलीसाठी मी रोज प्रार्थना करते, आणि प्रार्थनेत काय झालं असं विचारत नाही. तिला तुझ्या हाती दिलंय, एवढंच म्हणते. ह्यांच्यासाठीही आता तेवढंच म्हणते. दर तीन महिन्यांनी तपासणी असते. आदल्या दिवशी भीती वाटते, नाही असं नाही. पण देव माझ्यापाशी बसायला त्या दिवशी एका मागावर काम करणाऱ्या बाईच्या रूपाने आला होता, असं मी मानते, आणि जो तेव्हा आला तो पुढेही येईल. समर्पण म्हणजे मोठं काहीतरी असतं असं मला वाटायचं. मला तर ते आजचं पान वाचून उद्याचं त्याच्यावर सोडण्याएवढंच जमतं, आणि त्याला तेवढं चालतं असं दिसतं.

शेक संपल्यावरही ह्यांचा आवाज बरेच दिवस आला नाही. एका दुपारी मी ओसरीत दुसरी कादंबरी वाचून दाखवत होते. घसा कोरडा पडला म्हणून थांबले आणि सवयीने पाटीकडे बघितलं. पाटी बाजेखाली होती. मागून एक घोगरा, फाटका, माझ्या ओळखीचा आवाज आला.

"मंग?"

मी प्रभूचे आभार मानले, डोळे पुसले आणि पुढचं पान वाचायला घेतलं.