आत्याच्या प्रार्थनेतली नावं

आमच्या घराण्यात संध्याकाळच्या प्रार्थनेची एक पद्धत आहे. घरातलं सगळ्यांत मोठं माणूस डोळे मिटून कुटुंबातल्या प्रत्येकाचं नाव देवापुढे घेतं, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. दुबईला गेलेला, परीक्षेला बसलेली, अबोला धरलेला, कुणी सुटत नाही. बदलापूरला, बेलवलीच्या फ्लॅटमध्ये हे काम माझ्या आत्याकडे होतं.

दोनेक वर्षांपूर्वी तिची स्मरणशक्ती जाऊ लागली. तिच्या सुनेला ते प्रार्थनेतच आधी कळलं. नातवंडांची नावं गळू लागली, मग जावयांची. सुनेने माझ्या वडिलांना फोन केला. "मामा, आई तुमचं नाव अजून घेतात. येऊन जा."

वडील अंबरनाथच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, आणि आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, सेक्रेटरी. वेळ देवाचा आहे, आपण त्याचे कारभारी, असं ते नेहमी सांगत. रिकामा बसलेला माणूस त्यांना बघवत नसे. चिखलोलीच्या नव्या इमारतींमध्ये मंडळीतली बरीच कुटुंबं राहायला आली होती. त्यांच्यासाठी प्रार्थनागृहाची जागा बघणं, बिल्डरला भेटणं, सभा घेणं, सगळं वडिलांकडे. तिथून बेलवली रिक्षाने जवळ. "पुढच्या आठवड्यात नक्की," असं ते सुनेला सांगत, आणि ते खोटं बोलत नसत. पुढच्या आठवड्यातही सभा निघे.

सुनेचा पुढचा फोन पावसाळा संपता संपता आला. या वेळी तिने यायचा आग्रह केला नाही. "काल तुमचं नाव घेतलं नाही त्यांनी," एवढंच म्हणाली.

वडिलांनी त्या संध्याकाळची सभा रद्द केली. मी बरोबर गेले.

आत्या खिडकीशी बसली होती. वडिलांनी "ताई" अशी हाक मारली. तिने त्यांचा पांढरा शर्ट पाहिला, हातातलं पवित्र शास्त्र पाहिलं आणि पदर सावरला. "सलाम, पाळकसाहेब." चर्चच्या धर्मगुरूंना आमच्यात पाळक म्हणतात. मग सुनेला म्हणाली, "खुर्ची दे त्यांना. आणि चहात साखर नीट घाल, ही माणसं मागून घेत नाहीत."

"आई, अहो, हे मामा..." सून सांगू लागली. वडिलांनी तिला हाताने थांबवलं.

"प्रार्थना करू या?" त्यांनी विचारलं.

"करा. पण आधी माझ्या भावासाठी करा. अंबरनाथला असतो."

"आजारी आहे का?"

"छे, धडधाकट आहे. त्याला वेळ नसतो." मग पदर सारखा करत ती म्हणाली, "तुमच्यासारखाच देवाच्या कामात असतो, म्हणून काही बोलता येत नाही."

वडिलांनी डोळे मिटले. मंडळीत त्यांची प्रार्थना लांब आणि आखीव असे. इथे सुरुवातच होईना. अखेर त्यांनी थोरल्यापासून नावं घेतली. भावाच्या जागी स्वतःचं नाव घेतलं आणि त्याला शहाणपण दे, असं मागितलं.

"आणि सवड," आत्या मध्येच म्हणाली.

"आणि सवड," वडील म्हणाले.

पुढच्या सभेत त्यांनी सेक्रेटरीपद सोडलं. कारण दिलं, घरचं काम. एका ज्येष्ठ सभासदाने टोमणा मारला, "देवाचं काम अर्ध्यावर टाकून घरचं काम?" वडिलांनी सभेची वही त्याच्याकडे दिली. चिखलोलीचं प्रार्थनागृह अजून झालेलं नाही, आणि त्याचं त्यांना वाईट वाटतं.

आता ते रोज संध्याकाळी बेलवलीला असतात. नावं तेच घेतात, आत्या आमेन म्हणते. तिने त्यांना अजून ओळखलेलं नाही. सुनेने एकदा विचारलं, "सांगून टाकू का त्यांना?" वडील नको म्हणाले, आपण कोण हे आठवायला लावून तिला कशाला दमवायचं.

परवा प्रार्थना झाल्यावर आत्याने त्यांना भावाची खबर विचारली. वडील पवित्र शास्त्राची पानं उलटत राहिले. तिला त्यांची दया आली असावी.

"येईल तो," ती म्हणाली. "मनाचा वाईट नाही."