साडेचार व्होल्टवाल्या अक्का

सरोजाक्का पहिल्या भेटीत कोणालाच लायक ठरवत नसत. माझी मुलाखत त्यांनी दोनदा घेतली, एकदा जेवणाआधी आणि एकदा जेवणानंतर, आणि दोन्ही वेळा तेच प्रश्न विचारले. तमिळ मुलखात, पेरुंगुडीच्या त्या कंपनीत मराठी कानावर पडल्याने मी हरखलो होतो. अक्का तंजावरकडच्या, त्यांचं मराठी माझ्या पणजीच्या वेळचं, आणि त्याला तमिळ हेल.

आम्ही ट्रकचं इंजिन चालवणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं बनवायचो. कार्डावरच्या चिपमध्ये प्रोग्रॅम भरला की यंत्र तो नेहमीच्या पाच व्होल्टवर परत वाचून बघे. बाकीच्यांचं काम तिथे संपे, अक्कांचं सुरू होई. त्या तीच चिप आधी साडेचारवर वाचत, मग साडेपाचवर. एकीकडे जरी चुकली तरी ती बाद.

"पोट भरलें असतां अस्के खरें बोलतात," त्या म्हणत. अस्के म्हणजे सगळे. "उपाशी ठेव, अजीर्ण होऊं दे, मग विचार."

मागणी वाढली तसे मॅनेजर वरदन यांच्या डोळ्यांत हे जादा फेरे खुपू लागले. एकदाच वाचा, असा हुकूम निघाला. अक्का ऐकेनात. निवृत्ती तोंडावर आलेली, तरी चाचणी विभाग काढून घेऊन त्यांना पॅकिंगला बसवलं. तिथेही खोक्यांना टेप लावताना त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हें मी पाहिलेलें नाहीं."

व्हायचं तेच झालं. स्टार्टर मारला की बॅटरी क्षणभर दबते, व्होल्ट उतरतात. नेमक्या त्या वेळी प्रोग्रॅम कच्चा भरलेल्या चिपा दगा देऊ लागल्या आणि ट्रक जागचे हलेनात. ओरगडमच्या ट्रक कारखान्याची माणसं येऊन धडकली. अक्कांनी पॅकिंगमधून उठून येऊन परत आलेलं एक कार्ड त्यांच्यासमोर लावलं. पाचवर पास, साडेचारवर नापास. मला वाटलं, आता तरी न्याय होईल.

वरदन शांतपणे इंग्रजीत म्हणाले, "दोन्ही टोकांची तपासणी मी आजपासून सुरू करतोय. ही कार्डं गेली तेव्हा चाचणी विभागाच्या प्रमुख या होत्या. यांना आम्ही मोकळं करतोय."

अक्का तेव्हा पॅकिंगला होत्या, हे कोणी विचारलं नाही; पाहुण्यांना कोणाचा तरी बळी हवा होता, तो मिळाला. आठवलं की अजून माझ्या मस्तकात तिडीक जाते.

शेवटच्या दिवशी बसथांब्यावर मी म्हणालो, अक्का, निदान तुमची पद्धत तरी टिकली.

"तेंच सोसत नाहीं रे," त्या म्हणाल्या. "कार्डें आतां चांगलीं जातील. एकदां तरी बिघडावीं, असें मनांत येतें. आपलेंच काम बिघडण्याची वाट बघायची, हें त्या वरदनानें मला शिकवलें."

काही वर्षांनी त्या वारल्या. तोवर नव्या तपासणीतून गेलेलं एकही कार्ड परत आलं नव्हतं.