उलट निरोप

कवठे महांकाळच्या स्कॅन सेंटरात चंद्राबाई बेशुद्ध पडल्या होत्या आणि त्यांचे यजमान लालासाहेब भिंतीवरच्या राउटरपुढे उभे होते. बायको अशी पडलेली आणि हा गडी डबा बघतोय! पण करणार काय? डोक्याच्या स्कॅनच्या फाइली सांगलीच्या डॉक्टरांपर्यंत जाईनात, आणि डॉक्टर म्हणत होते, बघितल्याशिवाय हलवू नका. मोबाइलवर काढलेल्या फोटोत त्यांना काही उमजेना. पुतण्या शिवतेज सीडी घेऊन मोटरसायकलवर निघाला होता, पण सांगली काही शेजारच्या आळीत नाही.

ही लाइन लालासाहेबांनीच टाकलेली. फौजेत सिग्नलला हवालदार होते. पेन्शनीत आल्यावर गावात नेट म्हटलं की त्यांचाच हात, आणि त्यांच्या कामाला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती.

"काका, परत अडकलं," मशीनवरची अंकिता रडकुंडीला आली. "नाव-वय जातंय, चित्रच जाईना."

त्यांनी सांगलीकडं छोटा पिंग मारला, म्हणजे 'पोचतंय का' अशी हाक दिली. उत्तर लगेच आलं. तुकडे न करता मोठा मारला, तर चिडीचूप.

"बारकं जातंय आन् मोठं कोण गिळतंय, आयला?"

मग डोक्यात उजेड पडला. सांगलीच्या दवाखान्यानं नुकताच या लाइनीतून माहिती गुपचूप न्यायला सुरक्षित बोगदा काढला होता. त्यात शिरताना माहितीच्या प्रत्येक पाकिटावर आणखी एक वेष्टण चढतं, म्हणून आत माल मावायला जागा कमी. पाकीट मोठं झालं तर त्याचे तुकडे करायचे. पण त्यावर 'तुकडे करू नका' असा शेरा असला, आणि ह्या मशीनच्या पाकिटांवर तो असतोच, तर राउटर ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला उलट निरोप धाडतो की मावत नाही, लहान करून पाठव. तो निरोपच मशीनला मिळत नव्हता. मशीन बिचारं तेच पाकीट पुन्हा पुन्हा ढकलत बसलं होतं.

आणि निरोप मिळणार कुठून? फौजी खाक्या! बाहेरच्याला आपला सुगावा लागू नये म्हणून लालासाहेबांनी एक पिंग सोडून राउटरची सगळी उत्तरं बंद केली होती.

"अगं, मीच तोंड दाबलंय ह्याचं!"

पासवर्ड चुकला, परत चुकला. महांकाली आई, एवढं जाऊ दे, असं पुटपुटत त्यांनी तो नियम खोडला. पडद्यावरची हिरवी पट्टी हलली आणि भराभर पुढं सरकली. अंकितानं तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरली.

डॉक्टरांचा फोन आला. "आत्ता निघा. मी तयारीत आहे. पण वेळ फार गेलाय. डोक्यातलं हे रक्त आजचं नाही, बरेच दिवस साचतंय. डोकं दुखतं म्हणून बाई काही बोलल्या नव्हत्या?"

लालासाहेबांनी चंद्राबाईंचा गार हात धरला होता.

"बोलत हुती, डाक्टरसाहेब. रोज बोलत हुती. मीच म्हणायचो, गप पड."