पिवळ्या दातांची राखण

माझ्या धाकटीच्या तोंडात आज जी दाढ शाबूत आहे ती आमच्या चाळीतल्या दातवाल्या बाईंमुळे, हे आधी सांगतो. काय घडलं ते मागून. लालबागेत ज्याच्या तोंडात बाईंनी डोकावलं नाही असा माणूस सापडायचा नाही. दातांच्या इस्पितळात परिचारिका म्हणून त्यांचा जन्म गेला. त्या निवृत्त झाल्या, पण त्यांची नजर काही निवृत्त झाली नाही. नळावर, जिन्यात, एकदा तर कुणाच्या मयतीला आलेल्या पाहुण्यालाही त्या "आ कर" म्हणाल्या, आणि त्यानं केलं. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, तोंडं राहत. तळमजल्याचे आजोबा म्हणजे "खालची कवळी", दूधवाला म्हणजे "उजवा सुळा". मी वाशीमकडून आलेला, सातवीत शाळा सुटलेला, मंडपाचे पडदे शिवणारा माणूस. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शिवणकाम करतोस ना?" मी चरकलो. कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "पुढच्या दाताला खाच पडलीय. मेल्या, दात म्हणजे काय कातर आहे, दोरा तोडायला?" तेव्हापासून मी "खाचवाला".

दर सहा महिन्यांनी बाई इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंना गळ घालून आमच्या बालवाडीत आणत आणि चाळीतल्या पोरांच्या दातांना, कीड लागू नये म्हणून, फ्लोराइडचं वॉर्निश लावून घेत. आदल्या संध्याकाळी गॅलरीभर दारोदार त्यांची हाक फिरे. वॉर्निश म्हटलं की मला कपाट आठवायचं. मी म्हटलं, "बाई, दुधाचेच दात ते. पडायचेच आहेत." त्यांनी धाकटीला खिडकीशी नेलं. "ही सगळ्यात मागची बघ. सहाव्या वर्षी नवी आलीय, हिच्या आधी या जागेवर कुणी नव्हतं. ही पडायची नाही. जन्मभर हीच." मला थोरली आठवली. गावी आजीकडे राहणाऱ्या माझ्या थोरलीची हीच दाढ आम्ही दुधाची समजून किडू दिली, आणि शेवटी तालुक्याला नेऊन काढून टाकली. ती अजून एकाच बाजूनं जेवते.

धाकटीला वॉर्निश लागलं. बायको माहेरी होती, म्हणून सूचनांची चिठ्ठी बाईंनी माझ्या हातात दिली. कामाच्या घाईत मी ती खिशात घातली आणि विसरलो. संध्याकाळी पोरगी हसली तर दात पिवळे. परमुलखात माणूस लवकर भितो. वाटलं, पोरीचं काहीतरी बिघडलं. पावडर लावून मी ते दात ती रडेपर्यंत घासले, उरलेलं नखानं खरवडलं, आणि सकाळी बाईंना खुशीत सांगितलं, "बाई, सगळं निघालं."

बाई जिन्याच्या पायरीवरच बसल्या. "अरे, ते पिवळंच तर औषध," म्हणाल्या. "रात्रभर दाताला चिकटून बसतं, तेव्हा दात टणक होतो. आज सकाळी घासायचं होतं रे." मग उठल्या, पोरीचा हात धरून इस्पितळात गेल्या, पुन्हा लावून आणलं, आणि आमच्या दारात स्टूल टाकून पोरगी झोपेपर्यंत बसून राहिल्या. औषध निघू नये म्हणून मऊ भात निववून आपल्या हातानं तिला भरवला. मी जरा उठलो की म्हणत, "खाचवाल्या, ब्रशला हात लावलास तर तुझेच दात काढीन." मी हसलो, आणि तोंड फिरवून डोळे पुसले. आई सोडली तर माझ्या घरासाठी असं कुणी बसलं नव्हतं.

यंदा बाईंचं अर्धं अंग गेलं. पुतण्या त्यांना शीवला घेऊन गेला. वॉर्निशचे सहा महिने उलटले, गॅलरीत हाक आली नाही. परवा धाकटीला घेऊन भेटायला गेलो. बाई बोलत नाहीत. "तोंडच उघडत नाहीत, घास भरवणं म्हणजे भांडण," पुतण्या म्हणाला. मी समोर बसून हसलो, खाच दिसेल असा. त्या भिंतीकडे बघत राहिल्या. तेवढ्यात धाकटी जवळ गेली आणि कुणी न सांगता तिनं आ केला. बाईंचा धड हात हळूहळू वर आला. त्यांनी तिची हनुवटी धरून खिडकीकडे वळवली, पार मागपर्यंत बराच वेळ पाहिलं. मग हात मांडीवर पडला.

बाई, दारोदार हाक मारायला माझी जीभ अजून धजत नाही. पण शिकेन. डॉक्टरीणबाईंना गळ घालीन, आणि चिठ्ठी खिशात विसरलेला एखादा बाप भेटला तर त्याच्या दारात स्टूल टाकून बसेन. तुमचं फेडायचं राहिलंय. एक दिवस फेडीन.