चौदा घरांची क्रुसाची वाट

मायरा, जोएल,

मागच्या रविवारी फोनवर जोएलने विचारलं, "आजी, तुझ्या चर्चमध्ये कोण कोण येतं?" मी म्हटलं, "आवाज तुटतोय रे, नंतर बोलू." आवाज काही तुटत नव्हता. उत्तर एका वाक्यात मावणारं नव्हतं, म्हणून आज टेबलाशी बसून लिहिते आहे. आयुष्यभर शाळेत टीचर म्हणून शिकवल्यामुळे इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं आणि तुम्हाला वाचणंही. पण जे सांगायचं आहे ते मराठीतच घडलं. बाबांना वाचून दाखवायला सांगा.

आपलं चर्च रेल्वेमुळे झालं. गाडी आली तशी माणसं आली. कामठीहून तमिळ कुटुंबं आली, त्यांतलंच एक तुमच्या आजोबांचं. गोव्याचे गार्ड आले. नन सिस्टरांच्या अनाथालयात वाढलेल्या मुलामुलींनी इथेच संसार थाटले, ती घरं वऱ्हाडी बोलायची. पुढे केरळच्या नर्सेस आल्या. फादर परदेशातले, गोरे. ते बैलगाडीने देवळीपर्यंत आणि त्यापुढच्या खेड्यांतही जात. प्रत्येक घरात वेगळी भाषा, पण चर्चमधली प्रार्थना मराठीत, कारण ती सगळ्यांनाच थोडी थोडी येत होती.

या सगळ्यांना एकत्र बांधायला त्या पहिल्या फादरांनी एक रीत घातली. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी आपण क्रुसाची वाट करतो. येशूला शिक्षा झाल्यापासून कबरीत ठेवेपर्यंतची चौदा चित्रं भिंतीवर आहेत, त्यांना आपण स्थानं म्हणतो. फादरांनी एकेक स्थान एकेका घराला दिलं. ज्याचं स्थान, त्याने त्या चित्रासमोर उभं राहून पहिली ओळ म्हणायची, "ख्रिस्ता, आम्ही तुला वंदन करतो," आणि बाकी सगळ्यांनी उत्तर द्यायचं, "कारण तुझ्या क्रुसाने तू जगाला तारलंस." मी लग्न होऊन आले तेव्हा आपल्या घराकडे पाचवं स्थान होतं, सिमोन येशूचा क्रूस उचलायला मदत करतो ते. चौदा घरं, चौदा आवाज. कुणी खोकून सुरुवात करी, कुणी इतकं भरभर म्हणे की गुडघे टेकायलाही वेळ मिळत नसे.

मग कोळशाची इंजिनं गेली. सरकी काढणारी कापसाची जीन बंद पडली. मुलं शिकली आणि नागपूर, पुणे, त्याहून लांब गेली, जसे तुमचे बाबा गेले. गाव सोडताना प्रत्येक घर आपलं स्थान कुणाच्या तरी हवाली करून जाई. सहाव्या स्थानाच्या म्हाताऱ्या मार्थाबाई ट्रक भरून झाल्यावर आमच्या दारात आल्या, माझ्या हातात मेणबत्ती दिली आणि म्हणाल्या, "माय, आमचं सहावं आता तुह्यं. खाली पडू देजो नको." असं एकेक करत सगळी स्थानं आमच्याच घरी जमा झाली. आजोबा हसून म्हणत, "चौदा घरांचे मालक झालो आपण. नगरपालिकेला कळू देऊ नकोस." मी पहिली ओळ म्हणायची, ते उत्तर द्यायचे. दोघांतही क्रुसाची वाट होत होती.

दीड वर्षापूर्वी, नाताळच्या आधी आजोबा गेले, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यानंतरच्या उपवासकाळातल्या पहिल्या शुक्रवारी मी नेहमीसारखी दुपारी चर्चला गेले. फादर वर्ध्याहून फक्त रविवारी येतात. नर्सेसना शुक्रवारी ड्यूटी असते, आणि उरलेल्या दोन म्हाताऱ्या जोडप्यांना रविवारखेरीज एवढं चालवत नाही. मी कुलूप काढलं, मेणबत्ती लावली आणि पहिल्या चित्रासमोर ओळ म्हटली. मग थांबले. मग उत्तरही मीच दिलं. चौदा वेळा मीच हाक मारली आणि मीच ओ दिली. घरी येताना मनात एक गोष्ट आली, ती तुम्हाला लपवून ठेवत नाही. देव आपलं ऐकत नाही असं मला यापूर्वीही कधी कधी वाटलं होतं. त्या दिवशी वाटलं, तिथे कुणी नाहीच. मी रिकाम्या खोलीत स्वतःशीच बोलणारी एक म्हातारी आहे.

पुढचे शुक्रवारही तसेच गेले. तुमचे बाबा फोनवर सांगत होते, "आई, आता कायमची इकडे ये." फादरही प्रेमानेच म्हणाले, "टीचर, तुम्ही घरीच म्हणत जा. पुढच्या वर्षी शुक्रवारची प्रार्थना वर्ध्यालाच ठेवू." मला कुणाचंच चुकीचं वाटलं नाही. मी ठरवलं, गुड फ्रायडेच्या आधीचा शुक्रवार हा शेवटचा. रविवारी फादरांच्या हातात किल्ली द्यायची आणि बाबांना तिकीट काढायला सांगायचं.

त्या शुक्रवारी ऊन फार होतं. दार वाऱ्यासाठी उघडं ठेवलं होतं. सातव्या स्थानापाशी, येशू दुसऱ्यांदा पडतो तिथे, मी ओळ म्हटली आणि उत्तर द्यायला माझं तोंडच उघडेना. दुःख असं नव्हतं, नुसता कंटाळा, हाडांपर्यंत गेलेला. मी चित्राकडे बघत उभी राहिले.

मागून आवाज आला, "कारण तुझ्या क्रुसाने तू जगाला तारलंस."

वळून पाहिलं. दारात पन्नाशीची एक बाई उभी होती, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. चपला तिने पायरीवर काढून ठेवल्या होत्या.

"काऊन थांबल्या मावशी? म्हना ना समोरचं," ती म्हणाली.

मी विचारलं, "तुम्हाला हे कसं येतं?"

"मी येथच्या होस्टेलात होती ना, सिस्टरच्या. सातवीपावतर. उत्तर नाई देलं तं सिस्टर संध्याकायचा चहा बंद करे." ती हसली. "देवळीची बस चुकली, म्हनून तुमच्या वट्ट्यावर सावलीत बसली होती. तुमचा आवाज आयकला अन् तोंडातून निंगूनच गेलं." मग जरा संकोचून म्हणाली, "मी बौद्ध आहो बरं. चालते का?"

"तुम्हाला चालत असेल तर मला चालतं."

"मले काय, मले तं पाठच हाय."

आम्ही पुढे निघालो. मी म्हणायची, ती उत्तर द्यायची, पूर्वी होस्टेलच्या मुली द्यायच्या त्याच हेल काढलेल्या सुरात. नवव्या स्थानाला माझा गुडघा उठेना. तिने काखेत हात घालून मला उभं केलं. "येशूबाबा तिसऱ्यांदा पडले, तुमी नका पडू मावशी," ती म्हणाली, आणि मला चर्चमध्ये हसू आलं. आजोबा गेल्यानंतरचं ते पहिलं हसू.

चौदावं स्थान झालं तोच रस्त्यावर पुढच्या बसचा हॉर्न वाजला. तिने पिशवी उचलली, चपला पायात सरकवल्या. "पुढच्या साली कोन राह्यते उत्तर द्याले?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"तरी म्हनत जाजा," ती पळता पळता म्हणाली. "बस तं रोजच चुकते, कोनाची ना कोनाची."

मी तिचं नाव विचारलं नाही, तेवढा वेळच नव्हता. ती पुन्हा आलेली नाही. तिला कुणी पाठवलं होतं की खरंच बस चुकली होती, याचा मी उलगडा करत बसत नाही. मला दोन्ही खरं वाटतं.

रविवारी मी फादरांना किल्ली दिली नाही. बाबांना सांगितलं, ईस्टरनंतर पाहुणी म्हणून येईन, परतीचं तिकीटही काढ. त्यानंतर पुन्हा एक उपवासकाळ येऊन गेला, तोही मी एकटीनेच केला. एकटेपण गेलं असं म्हणणार नाही. घरी आल्यावर एकाच कपाचा चहा ठेवते तेव्हा ते असतंच. पण आता उत्तराची ओळ मी म्हणत नाही. पहिली ओळ म्हणते आणि कुणी उत्तर देईल तेवढा वेळ थांबते. कधी बाहेर चिमण्यांचा आवाज असतो, कधी मालगाडी जाते, बहुतेकदा काहीच नसतं. मग पुढच्या चित्राकडे जाते. हाक मारणं माझ्याकडे आहे, ओ देणं माझ्याकडे नाही. एवढं कळायला मला इतकं आयुष्य लागलं, आणि ते कळू दिल्याबद्दल मी देवाची फार ऋणी आहे.

तर जोएल, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. रविवारी मिस्साच्या प्रार्थनेला फादर येतात, तीन-चार नर्सेस येतात, दोन म्हातारी जोडपी येतात आणि मी असते. छत एका कोपऱ्यात गळतं. चौदाही चित्रं भिंतीवर आहेत. उपवासकाळातल्या शुक्रवारी दुपारी दार उघडं असतं आणि क्रुसाची वाट होते.

तुमची आजी